औषधजन्य हृदय-इस्किमिया

हृदयाच्या स्नायूला गरजेपेक्षा कमी रक्त मिळणे म्हणजे इस्किमिया. कोरोनरी धमन्यांत (हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांत) मोठे ब्लॉकेज असलेल्या रुग्णाला एखाद्या औषधामुळे हा त्रास झाला, तर तो औषधजन्य ठरतो. विचित्र वाटेल, पण यातली काही औषधे रक्तवाहिन्या रुंदावणारीच असतात.

निरोगी हृदयात कोरोनरी रक्तप्रवाह गरजेनुसार चौपट-पाचपट वाढू शकतो. चिंचोळ्या धमनीपुढच्या सूक्ष्म वाहिन्या मात्र स्वस्थ बसल्यावरही जवळजवळ पूर्ण उघडलेल्या असतात. त्यांना आणखी रुंदावायला वावच नसतो. डायपिरिडामोल किंवा अ‍ॅडेनोसिन दिले की बाकीच्या वाहिन्या उघडतात, रक्त तिकडे वळते आणि अडलेल्या भागाचे आणखी तुटते. सोसायटीत खालच्या मजल्यांचे नळ सुटले की वरच्यांचे पाणी जाते, तसेच. याला ‘कोरोनरी स्टील’ (steal, म्हणजे चोरी) म्हणतात. डोब्युटामाइनची तऱ्हा वेगळी: ते ठोके आणि आकुंचनाचा जोर वाढवून ऑक्सिजनची मागणीच वाढवते.

हाच दोष निदानाला उपयोगी पडतो. गुडघ्यांमुळे ट्रेडमिलवर चालू न शकणाऱ्या रुग्णाची ‘स्ट्रेस थॅलियम’ तपासणी (ताणाखाली हृदयाचा रक्तपुरवठा पाहणारी) इंजेक्शन देऊन करतात. अ‍ॅडेनोसिन दर किलो वजनामागे मिनिटाला १४० मायक्रोग्रॅम या वेगाने शिरेतून सोडतात. रक्तातले त्याचे अर्धायुष्य (प्रमाण निम्मे होण्याचा काळ) १० सेकंदांहूनही कमी, त्यामुळे छातीत दुखू लागल्यास औषध थांबवले की बहुधा भागते. डायपिरिडामोलचा परिणाम रेंगाळतो. त्यावर उतारा म्हणून अ‍ॅमिनोफायलिन हाताशी ठेवतात. कॅफीन या दोन्ही औषधांचा परिणाम अडवते आणि ब्लॉकेज असूनही अहवाल चांगला येऊ शकतो. म्हणून आदल्या दिवसापासून चहा-कॉफी बंद. पुण्यात हे पथ्य सर्वांत अवघड. तपासणीला जाताना वाटेतल्या अमृततुल्यात घेतलेला अर्धा कपही चहाच असतो. डोकेदुखीच्या काही गोळ्यांतही कॅफीन असते, हे सहसा ध्यानात येत नाही.

बीपी वाढले की निफेडिपिनची कॅप्सूल फोडून जिभेखाली द्यायची, अशी पद्धत एके काळी सर्रास होती. दाब झपकन उतरतो, ठोके वाढतात आणि हृदयाला दोन्हीकडून फटका बसतो; १९९० च्या दशकाच्या मध्यास याविरुद्ध स्पष्ट इशारे दिले गेले. अर्धशिशीवरील ट्रिप्टान व अर्गोटामाइन आणि कर्करोगावरील ५-फ्लुरोयुरॅसिल यांमुळे धमनी आकसू शकते. थायरॉक्सिनचा डोस जास्त झाला तरी छातीत दुखू शकते. मेटोप्रोलॉलसारखा बीटा-ब्लॉकर (ठोके मंदावणारे औषध) मनानेच एकदम बंद करणेही तितकेच घातक. लैंगिक दुर्बलतेवरील सिल्डेनाफिल घेतल्यावर २४ तास आणि टाडालाफिलनंतर ४८ तास छातीदुखीवरचे नायट्रेट देत नाहीत, कारण रक्तदाब धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकतो.