आधी आईबाबांना सावरू द्या

सीरियातलं युद्ध मागे टाकून लेबनॉनला आलेल्या कुटुंबांसाठी ‘वॉर चाइल्ड हॉलंड’ या संस्थेने नऊ आठवड्यांचा एक कार्यक्रम आखला. आठवड्याला एक बैठक, छोटे गट, आयांचा वेगळा आणि वडिलांचा वेगळा. पहिल्या चार बैठका मात्र पालकांच्या स्वतःच्या मनासाठी असतात. ताण कसा ओळखायचा, राग अनावर होण्याआधी काय करायचं, जे गमावलं त्याचं दुःख कसं पेलायचं, यावर बोलणं होतं, मन शांत करण्याचे व्यायाम होतात. मुलांशी कसं वागावं हा विषय पाचव्या बैठकीपासून निघतो.

हा क्रम मला फार मोलाचा वाटतो. निर्वासित पालकांना मुलं वाढवायची अक्कल नाही, असं तो मानत नाही. हेच आईबाप युद्धाआधी मुलांना मायेने वाढवतच होते. केनेथ मिलर आणि अँड्र्यू रासमुसेन या मानसशास्त्रज्ञांनी 2010 मध्ये नेमकेपणाने मांडलं, की युद्धात भोगलेल्या गोष्टींबरोबरच नंतरचा रोजचा जाचही मन पोखरतो: थकलेलं भाडं, एका खोलीत दाटीवाटीने राहणं, हाताला काम नसणं. लेबनॉनमध्ये सीरियन निर्वासितांना मुख्यतः शेती, बांधकाम आणि सफाई एवढ्याच कामांची मुभा मिळाली. दिवसभर बसून राहिलेला बाप साध्या हट्टावरही हात उगारतो. आधीच दचकून उठणारं पोर रात्री अंथरूण ओलं करतं आणि त्यासाठी पुन्हा बोलणी खातं.

मुलाची खरी ढाल आईबापच असतात, हे दुसऱ्या महायुद्धातही दिसलं होतं. लंडनमध्ये युद्धकाळात मुलांसाठी निवासी पाळणाघरं चालवणाऱ्या अ‍ॅना फ्रॉइड आणि डोरोथी बर्लिंगहॅम यांना आढळलं, की बॉम्बहल्ल्यांपेक्षा आईपासूनची ताटातूट लहानग्यांना जास्त बाधते.

लेबनॉनमधल्या कार्यक्रमाची 240 कुटुंबांवर रीतसर चाचणी झाली. कोणाला तो आधी मिळेल हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरवलं होतं. ज्यांना मिळाला, त्या पालकांचं मुलांवर ओरडणं-मारणं घटलं आणि त्यांचा स्वतःचा मानसिक त्रासही हलका झाला. अर्थात हे पालकांनीच सांगितलेलं आहे, आणि भाड्याचा किंवा कामाचा प्रश्न अशा बैठकांनी सुटत नाही. तो सरकारांनीच सोडवायला हवा.

बैठकाच घेता येणार नाहीत, तिथे काय करायचं? सीरियात लढाई चालू असताना मँचेस्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी मदत म्हणून वाटल्या जाणाऱ्या पावाबरोबर 3000 पत्रकं घरोघरी पोचवली. मुलांना जवळ घ्या, त्यांचं ऐकून घ्या, शक्य तेवढा दिनक्रम सांभाळा, स्वतःचीही काळजी घ्या, असा साधा सल्ला त्यांत होता. सोबत अभिप्रायाचा कागद होता. भोवती युद्ध पेटलेलं असतानाही त्यांतले निम्म्याहून अधिक कागद भरून परत आले.