कन्सोलमधील इशारे व मंदगती

ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समध्ये (पान तपासण्याच्या अंगभूत साधनांमध्ये) इशाऱ्यांची रीघ लागणे आणि ती टूल्स उघडताच पान रेंगाळणे, या एकमेकींत गुंतलेल्या दोन तक्रारी व त्यांचे निवारण. इशारा म्हणजे चूक नव्हे. न हाताळलेल्या चुकीने त्या जागी कोडचे काम थांबते. इशाऱ्याने ते थांबत नाही, कन्सोलमध्ये, म्हणजे टूल्समधील नोंदींच्या खिडकीत, पिवळी नोंद तेवढी पडते. ‘वॉर्निंग’साठी काही जण ‘सूचना’ हा शब्द वापरतात, पण कन्सोलमध्ये साध्या माहितीची वेगळी पायरी असल्याने घोटाळा होतो. येथे ‘इशारा’ हा शब्द घेतला आहे.

उगम : ब्राउझरच्या पोटात बसून पान तपासण्याची सोय प्रथम कोणी दिली, याचे उत्तर ‘सोय’ कशाला म्हणायचे यावर ठरते. नेटस्केप नॅव्हिगेटर ४ या जुन्या ब्राउझरमध्ये पत्त्याच्या पट्टीत ‘जावास्क्रिप्ट’ हा शब्द व पुढे अपूर्णविराम दिला की कन्सोलची खिडकी उघडे. पुढे २००१ च्या सुमारास फायरफॉक्सवाल्या मोझिलाच्या गोटात वेंकमन हा डीबगर (कोड थांबवत चुका शोधणारे साधन) व पानाची रचना दाखवणारा डॉम इन्स्पेक्टर आले. इंटरनेट एक्सप्लोररसाठीचा डेव्हलपर टूलबार साधारण २००५ चा. सफारीमागील वेबकिट या इंजिनाच्या प्रकल्पाने वेब इन्स्पेक्टर जानेवारी २००६ मध्ये जाहीर केला आणि जो ह्युइट यांचे फायरबग हे फायरफॉक्सचे एक्स्टेन्शनही (ब्राउझरला जोडायचे पूरक साधन) त्याच सुमारास आले. डॉम इन्स्पेक्टरचे कामही मुळात ह्युइट यांचेच, त्यामुळे हा वाद काही अंशी एकाच घरातला आहे. पान तपासण्यापुरते पाहिले तर जुन्या साधनांकडे मान जातो. कन्सोलबाबत मात्र फायरबगचे पारडे जड वाटते, कारण कोडमधून कन्सोलवर नोंद टाकणारी ‘कन्सोल.लॉग’ ही लिहिण्याची पद्धत मुख्यतः त्याच्यामुळे रुळली व नंतर इतर ब्राउझरांनी उचलली. आज तिचे प्रमाणीकरण व्हॉटडब्ल्यूजी या वेबची मानके ठरवणाऱ्या गटाकडे आहे. ती सर्वत्र एकदम पोचली नाही. इंटरनेट एक्सप्लोरर ८ मध्ये टूल्स उघडेपर्यंत ‘कन्सोल’ ही वस्तूच अस्तित्वात नसे. कोडमध्ये विसरून राहिलेली एक लॉगची ओळ गिऱ्हाइकाकडे पान बंद पाडी, आणि तपासायला टूल्स उघडणारी एफ-१२ ही कळ दाबली की तेच पान सुरळीत चाले.

फायरबगचा काळ : मंदगतीची तक्रार ठळक झाली ती याच काळात. फायरफॉक्सच्या अंतर्गत सेटिंग्जमधील काटेकोर तपासणीचा पर्याय चालू असला, तर ‘फंक्शन दर वेळी मूल्य परत करत नाही’ यासारखे इशारे शेकड्यांनी पडत. भर म्हणजे ते केवळ आपल्या पानाचे नसत. ब्राउझरच्या स्वतःच्या कोडचे व इतर एक्स्टेन्शनांचेही असत. मोझिलाच्या परिभाषेत ब्राउझरच्या या बाह्यांगाला ‘क्रोम’ म्हणतात. गुगलचा क्रोम २००८ मध्ये आल्यावर ‘क्रोमच्या चुका दाखवा’ या फायरबगमधील पर्यायाने नवख्यांचा गोंधळ उडणे साहजिक होते. दुसरे कारण अधिक खोलातले. जून २००९ मधील फायरफॉक्स ३.५ मध्ये जावास्क्रिप्ट चालता चालता यंत्रभाषेत उतरवणारे ट्रेसमंकी इंजिन होते. फायरबगचे स्क्रिप्ट पॅनल, म्हणजे त्यातला डीबगर, चालू केले की डीबगरसाठी ही वेगवान वाट सोडावी लागे. म्हणजे जे मोजायचे तेच मोजणाऱ्यामुळे बदलत होते. नोव्हेंबर २०१७ मधील फायरफॉक्स ५७ ने जुन्या पद्धतीची एक्स्टेन्शने बंद केली आणि फायरबगचा प्रवास संपला.

निदान : मंदगती पानाची की टूल्सची, हे आधी वेगळे करावे. टूल्स बंद ठेवून कामाला लागलेला वेळ पानावरच छापावा, मग टूल्स उघडून तोच आकडा पाहावा. बरेचदा कारण किरकोळ निघते. ‘कॅशे (उतरवलेल्या फायलींचा साठा) बंद ठेवा’ ही खूण टूल्स उघडी असतानाच लागू होते, त्यामुळे प्रत्येक फाइल नव्याने उतरते. मंद नेटवर्कचे सोंग देणारा पर्याय आदल्या दिवशीचा तसाच राहिलेला असतो. विसरलेले ब्रेकपॉइंट (कोड थांबवण्याच्या खुणा) व मोठे सोर्स मॅप (आटोपलेल्या कोडची मूळ कोडशी सांगड घालणाऱ्या फायली) हेही भार टाकतात. सोर्स मॅप सापडला नाही हा इशारा मात्र वापरणाऱ्याच्या दृष्टीने निरुपद्रवी आहे. खासगी खिडकीत एक्स्टेन्शने सहसा बंद असतात. तिथे इशारे नाहीसे झाले तर दोष बहुधा आपल्या कोडचा नाही.

लॉगचा अतिरेक हे सर्वांत सामान्य कारण. समजा, लातूरच्या मोंढ्यातील एका आडत दुकानाच्या पानावर सोयाबीन, तूर, हरभऱ्याचे भाव दर सेकंदाला ताजे होतात आणि कोड दर वेळी तक्त्याच्या २०० ओळी एकेक करून लॉग करतो. मिनिटाला १२,००० नोंदी झाल्या. प्रत्येक नोंदीत अख्खा ऑब्जेक्ट असेल, तर कन्सोल पुसेपर्यंत तो स्मृतीतून सुटत नाही. चार जीबी रॅमच्या लॅपटॉपवर दुपारपर्यंत टॅब कोसळला तर नवल नाही. फिल्टर लावल्याने ओळी नजरेआड होतात, भार तसाच राहतो. मूळ ओळच काढावी लागते. निदान सगळ्या तक्त्याची एकच नोंद करावी.

क्रोममधील ‘व्हायोलेशन’ या शब्दाने सुरू होणाऱ्या, एखादे काम फार लांबल्याचे सांगणाऱ्या नोंदी वेगळ्या जातीच्या आहेत. त्या ‘व्हर्बोज’ या सर्वांत बारीक तपशिलाच्या पायरीवर असतात व एरवी दडलेल्या असतात. कोणी सगळ्या पायऱ्या चालू केल्या की अचानक पूर आल्यासारखा वाटतो. त्या मात्र फेकून देऊ नयेत. वरच्याच तक्त्यात लूप प्रत्येक ओळीची रुंदी बदलतो व लगेच तिची उंची विचारतो, तेव्हा ब्राउझरला मांडणीचे गणित २०० वेळा करावे लागू शकते. आधी सगळ्या उंच्या वाचून घेतल्या आणि मग बदल लिहिले, तर हे काम बहुधा एकदाच होते. पडद्यावर उमटणाऱ्या एका चौकटीला (फ्रेमला) सेकंदाला ६० च्या हिशेबाने सुमारे १६.७ मिलिसेकंद मिळतात. ५० मिलिसेकंदांहून लांबलेले काम ‘दीर्घ’ गणले जाते.

देवनागरी फॉन्टचे इशारे : जोडाक्षरांमुळे देवनागरी फॉन्टमध्ये आकृत्या पुष्कळ असतात व फाइल जड होते. नेटवर्क मंद दिसले की क्रोम ‘फॉन्ट येईपर्यंत पर्यायी फॉन्ट वापरला जाईल’ अशी नोंद टाकतो. परभणी-हिंगोलीकडे हे सहज पाहता येते : लाईट गेली, वाय-फाय बसले, मोबाइलचा हॉटस्पॉट लावला, की सकाळी स्वच्छ असलेल्या कन्सोलमध्ये दर फॉन्टमागे एक इशारा. कोडला हात लागलेला नसतो. डब्ल्यूओएफएफ-२ हे फॉन्टचे आवळलेले स्वरूप, गरजेपुरत्याच अक्षरांचा संच आणि मजकूर आधी साध्या फॉन्टमध्ये दाखवण्याची सूचना यांनी काम भागते. जुन्या बिगर-युनिकोड फॉन्टच्या फायली तशाच चढवल्यास ‘फॉन्ट उलगडता आला नाही’ असाही इशारा येऊ शकतो. तिथे मजकूरच युनिकोडमध्ये आणणे हा उपाय.

अँड्रॉइड फोन यूएसबीने जोडून लॅपटॉपवरील क्रोममधून त्यावरचे पान तपासता येते. पान चालवण्याचा भार तेव्हा फोनवर राहतो. आयफोनवरील सफारीसाठी अशीच सोय आहे, पण तिला मॅक लागतो.