पार्श्वभूमी: सराफ्यातला ठसका आणि वाऱ्याचं गणित

इंदूरच्या सराफ्यात, म्हणजे रात्री खाऊगल्ली होणाऱ्या सराफ बाजारात, दहानंतर हे रोज दिसतं. मिरच्या तळणाऱ्या कढईला चिकटून उभा असलेला माणूस निवांत खातोय आणि आठ-दहा हातांवर पैसे मोजणाऱ्याला ठसका लागतोय. झुळूक त्याच्या दिशेची, एवढंच. २०२० साली ‘दो गज की दूरी’ ऐकताना मला ही कढई आठवायची. दो गज म्हणजे सहा फूट. त्यात वारा कुठेच नव्हता.

कारण रोगाच्या फैलावाचं गणित खोलीत जन्मलं. अमेरिकेत विल्यम वेल्स यांनी १९३४ मध्ये मांडलं, की खोकल्यातला मोठा थेंब खाली पडतो. बारीक थेंब पडण्याआधीच वाळतो आणि त्याचा कण तरंगत राहतो. १९७८ मध्ये राइली आणि सहकाऱ्यांनी न्यूयॉर्क राज्यातल्या एका शाळेतल्या गोवराच्या साथीवरून समीकरण दिलं: बाधित किती, वेळ किती, ताजी हवा किती. गृहीत एकच, वरणात मीठ ढवळावं तसा विषाणू खोलीभर सारखा मिसळलाय. उघड्यावर नेमकं तेच खोटं ठरतं.

उघड्या हवेचं गणित केलं ते विषारी वायूच्या अभ्यासकांनी. ब्रिटनमध्ये पोर्टन इथल्या रासायनिक युद्धाच्या केंद्राशी संबंधित सटन यांनी १९३२ मध्ये वायूचा लोट वाऱ्याबरोबर कसा रुंदावतो याचं सूत्र काढलं. तिथेच काम केलेल्या पास्क्विल यांनी १९६१ मध्ये ऊन, ढग, वारा पाहून हवेचे सहा वर्ग पाडले. भर दुपारी तापलेली जमीन हवा घुसळते, लोट फाटतो. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री तोच लांबवर टिकतो. हुकुमचंद मिलच्या चिमणीचा धूर पाहिलेल्या जुन्या इंदूरकरांना हे सूत्राविना ठाऊक असेल.

ही विद्या रोगाच्या कामी आली ती आधी गुरांसाठी. मार्च १९८१ मध्ये फ्रान्सच्या ब्रिटनीतून लाळ्या-खुरकूत समुद्र ओलांडून जर्सी आणि आइल ऑफ वाइटवर गेला, ते वाऱ्याच्या हिशेबाने उलगडलं. मग २००३ च्या सार्सच्या साथीत हाँगकाँगची अमॉय गार्डन्स ही उंच इमारतींची वसाहत; तिथला फैलावही वाऱ्याच्या हिशेबाने तपासला गेला. २०२० मध्ये डबूक आणि ड्रिकाकिस यांनी संगणकावर खोकला सोडून पाहिला: ताशी ४ ते १५ किलोमीटर वाऱ्यात थेंब सहा मीटरपर्यंत जातात, पण लहान आणि विरळ होत. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सहा मीटर तेवढे फिरले. ‘विरळ’ वाटेत गळालं.

सराफ्याला यातलं काहीच जसंच्या तसं लागू होत नाही. पास्क्विलचे वर्ग मोकळ्या मैदानाचे. इथे वारा छपरांवरून निघून जातो, खाली बोळात गोल फिरतो, कढया हवा वर ढकलत राहतात. आणि खाऊच्या गाड्या लागतात त्याच मुळी सराफांनी शटर ओढल्यावर, ऊन कधीच गेलेलं असताना.