नंबर लावलेल्या पेशंटला वेळेत आत घेण्यासाठी
(फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्यांसाठी माहितीपत्रक)

संध्याकाळची ओपीडी ६ ते ९, म्हणजे १८० मिनिटं. पेशंटमागे ६ मिनिटं धरली तर ३० नंबर बसतात, म्हणून तीसही देऊन टाकले जातात. अडचण इथेच सुरू होते. सव्वासहाला चक्कर येणाऱ्या एका आजींना १५ मिनिटं लागली, की मागचे सगळे ९ मिनिटं मागे पडतात. पुढे एकही जागा मोकळी नसल्यामुळे तो उशीर शेवटच्या पेशंटपर्यंत तसाच राहतो.

म्हणून दवाखान्यात टोकन मशीन बसवून देण्याआधी आम्ही १२ दिवसांची वही मागतो. प्रत्येकाच्या तीन वेळा लिहा: आल्याची, आत गेल्याची, बाहेर आल्याची. हिशेब मात्र एक आत गेल्यापासून पुढचा आत जाईपर्यंतचा धरा. तपासायला चारच मिनिटं लागत असतील, पण केसपेपर शोधणं, कपडे नीट करणं, दारातला "डॉक्टर, अजून एक विचारायचं होतं" हा प्रश्न, हे सगळं त्यात येतं.

६ मिनिटं निघाली तर अर्ध्या तासाला पाच नंबर. तीन फोनवर द्या, एक थेट येणाऱ्यांना, आणि पाचवा कोराच ठेवा. ही कोरी जागा कंपाउंडरला खटकते, ओळखीच्या माणसाचा फोन आला की ती भरली जाते, आणि आठवडाभरात सगळं पहिल्यासारखं होतं. ती जागा फक्त उशीर भरून काढायला आणि तातडीच्या पेशंटला. नंबर देताना "सहाला या" असं सरसकट सांगू नका; "साडेसहा ते सात" असं सांगा.

नुसता रिपोर्ट दाखवायला आलेला "एकच मिनिट" म्हणून मध्ये शिरतो. अशांसाठी शेवटचा अर्धा तास राखा. एमआर मंडळींना (औषध कंपन्यांच्या प्रतिनिधींना) ओपीडीनंतर बोलवा. बीपी-शुगरच्या नेहमीच्या पेशंटना पुढची तारीख सोमवार सोडून द्या, आणि ती केसपेपरवर लिहूनच घरी पाठवा.

फोनवर सल्ला देता येतो. मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांनुसार, त्याच आजारासाठी ६ महिन्यांच्या आत प्रत्यक्ष तपासलेला पेशंट फेरतपासणीचा धरला जातो, आणि त्याची चालू औषधं पुन्हा लिहून देता येतात. शेड्यूल एक्समधली (कडक नियंत्रणाखालच्या औषधांच्या सरकारी यादीतली) आणि अमली पदार्थांच्या कायद्यातली औषधं मात्र अशी देता येत नाहीत.

एक गोष्ट कुठल्याही मशीनवर सोडू नका. काउंटरवर, बसल्या जागेवरून दिसेल असा कागद लावा: छातीत दुखणं, धाप, तोंड वाकडं होणं, एका बाजूचा हातपाय लुळा पडणं, तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप. यांना नंबर विचारायचा नाही, लगेच डॉक्टरांना सांगायचं.

वही आमच्याकडे पाठवताना पेशंटची नावं झाका. आम्हाला वेळा तेवढ्या पुरतात.