डॉक्टरच्या शेजारी उभं राहायची परवानगी : शॅडोइंगची पार्श्वभूमी

अमेरिकेत ज्यांची भाचरं-पुतणी डॉक्टर व्हायच्या मागे लागलीयत त्यांच्या घरात शॅडोइंगचा, म्हणजे डॉक्टरच्या मागे राहून त्यांचं काम नुसतं बघण्याचा, विषय सतत चालू असतो. कॉलेजातली मुलगी डॉक्टरांना मेलवर मेल टाकते, उत्तर कुणी देत नाही, मग आई ओळखीतल्या एखाद्या डॉक्टर काकांना फोन लावते आणि शेवटी क्लिनिकमध्ये एका बाजूला उभं राहून बघायला मिळतं. फक्त बघायचं हं, कशालाही हात लावायचा नाही, आणि पेशंटने नको म्हटलं की मुकाट्याने बाहेर. तिकडे मेडिकलसाठी अ‍ॅमकास नावाचा कॉमन फॉर्म असतो, त्यात जास्तीत जास्त १५ अनुभव लिहिता येतात आणि शॅडोइंगला चक्क वेगळा प्रकार दिलाय.

नीटच्या तयारीत बुडालेल्या आपल्या पालकांना हे तिकडचं काहीतरी नवीन फॅड वाटतं, पण एके काळी डॉक्टरच्या मागे फिरणं हेच मेडिकलचं शिक्षण होतं. अठराव्या शतकात अमेरिकेत पोरगा फी भरून एखाद्या डॉक्टरकडे काही वर्षं राहायचा, बाटल्या धुवायचा, औषधं कुटायचा-मिसळायचा, निरोप पोचवायचा, आणि हळूहळू रक्त काढणं, दात उपटणं, रात्री-अपरात्री बोलावणं आलं की धावणं हे सगळं त्याच्यावर पडायचं. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणारे डॉ. बेंजामिन रश असेच १७६१ पासून पाचेक वर्षं फिलाडेल्फियात डॉ. जॉन रेडमन यांच्या हाताखाली होते, एडिनबरोची डिग्री त्यानंतरची. आपल्याकडे तर सुश्रुतसंहितेतच स्पष्ट म्हटलंय की जो नुसतं शास्त्र शिकलाय आणि प्रत्यक्ष कामात तयार नाही तो रोग्यासमोर आला की रणांगणावरच्या भित्र्यासारखा गोंधळतो.

मग एकोणिसाव्या शतकात तिकडे खाजगी मेडिकल कॉलेजांचं पेव फुटलं. काही महिन्यांची लेक्चर्स, दुसऱ्या वर्षी पुन्हा बहुतेक तीच लेक्चर्स, की झाला डॉक्टर! गुरूकडची उमेदवारी बऱ्याच ठिकाणी कागदापुरती उरली आणि पेशंट दिसलाच तर गॅलरीतून, लांबून.

आणि ती लांबची जागासुद्धा सगळ्यांना मिळत नव्हती. नोव्हेंबर १८६९ मध्ये फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजच्या विद्यार्थिनी पेनसिल्व्हेनिया हॉस्पिटलमध्ये क्लिनिकल लेक्चरला गेल्या तर तिथल्या मुलांनी हुर्यो उडवली, कागदाचे बोळे फेकले, तंबाखूच्या पिचकाऱ्या मारल्या. का, तर बायका पेशंट बघायला आल्या म्हणून. दुसऱ्या हॉस्पिटलांची दारं बंद म्हणून बायकांना शिकायला मिळावं यासाठी त्याच शहरात १८६१ मध्येच वेगळं विमेन्स हॉस्पिटल काढावं लागलं होतं. आपल्या आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये ज्या कॉलेजात दाखल झाल्या आणि १८८६ मध्ये जिथून एम.डी. झाल्या ते हेच विमेन्स मेडिकल कॉलेज. आनंदीबाईंबद्दल आपण एवढं बोलतो-लिहितो, पण त्यांच्या आधीच्या या मुलींनी पेशंटजवळ उभं राहायला काय सोसलं ते फारसं सांगितलं जात नाही, ते सांगायला हवं.

चित्र बदललं ते १८९३ मध्ये बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्सचं मेडिकल स्कूल सुरू झाल्यावर. डॉ. विल्यम ऑस्लरनी मुलांना थेट वॉर्डात, पेशंटच्या कॉटपाशी नेलं, आणि आपल्या थडग्यावर लिहायचंच तर मी विद्यार्थ्यांना वॉर्डात शिकवलं एवढंच लिहा, असं ते म्हणायचे. १९१० मध्ये अब्राहम फ्लेक्सनरचा रिपोर्ट आला, अमेरिका-कॅनडातल्या १५५ मेडिकल स्कूल्सची हजेरी घेणारा, आणि मग कितीतरी सुमार कॉलेजं बंद पडली. शिक्षण सुधारलं यात वादच नाही, पण पेशंटपाशी जायचं ते अ‍ॅडमिशन मिळाल्यानंतर असं ठरून गेलं, आधीची चार वर्षं नुसतं कॉलेज आणि सायन्सचे विषय. म्हणजे आयुष्यभर जे काम करायचं ते आत शिरण्याआधी बघायची सोयच राहिली नाही, आणि शॅडोइंग बसलं ते बरोब्बर या फटीत.

पुढे १९९६ मध्ये पेशंटच्या माहितीबद्दलचा हिपा कायदा आला, त्यातले गोपनीयतेचे नियम २००३ पासून लागू झाले, आणि हॉस्पिटलं सह्या, लसींचे दाखले, टीबीची टेस्ट असं सगळं मागायला लागली. २०२० च्या कोविडात तर दारंच बंद झाली, मुलं झूमवर डॉक्टरांचं बोलणं ऐकत बसली. आणि ज्याच्या घरात डॉक्टर आहे त्याला एका फोनवर जागा मिळते, बाकीच्यांनी मेल टाकत बसायचं. माझ्या मते हा या पद्धतीतला सगळ्यात मोठा अन्याय आहे, कारण बघायची इच्छा दोघांची सारखीच असते.

आपल्याकडे अ‍ॅडमिशन ७२० पैकी मार्कांवर, शॅडोइंगचा काही संबंधच नाही. २०१९ पासूनच्या नव्या एमबीबीएस अभ्यासक्रमात पहिल्याच वर्षी अर्ली क्लिनिकल एक्स्पोजर आलं, पूर्वी पहिल्या वर्षी अ‍ॅनाटॉमी-फिजिऑलॉजी-बायोकेमिस्ट्री यातच डोकं असायचं, त्यामुळे हे फार चांगलं झालं, पण तेही सीट मिळाल्यावर. म्हणून अकरावीत बायोलॉजी घेतलेल्या मुलांना मी मनापासून सांगते, आपल्या फॅमिली डॉक्टरांना विचारा की पेशंटची हरकत नसेल तर एखाद्या शनिवारी ओपीडीत बसू का, आणि घरात कुणी डॉक्टर नसेल तर नक्कीच विचारा.