डांगीच्या पाठीवरचं पाणी

आषाढात मामांच्या शेतावर चिखलणी चालू होती. घोटीच्या पुढची भातखाचरं, तिन्ही बाजूंनी डोंगर, आणि सहा दिवसांत उघडीप म्हणून नव्हती. मामांनी औत थांबवलं आणि म्हणाले, "बैलाच्या पाठीला हात लाव." लावला. पाणी केसांत मुरतच नव्हतं, थेंब होऊन खाली ओघळत होतं. बोटांना मात्र तेलाचा हात लागावा तसा ओशटपणा जाणवला. माझा सदरा अंगाला चिकटून मी कुडकुडत होतो आणि तो बैल शेपटी हलवत निवांत उभा होता.

हा डांगी जातीचा बैल. पांढऱ्या अंगावर काळे किंवा तांबडे ठिपके, आखूड शिंगं, मध्यम बांधा, संथ चाल. इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ, सुरगाणा आणि घाटमाथ्याला लागून असलेला अकोले तालुका हा त्याचा मुलूख. महादेव कोळी, ठाकर, कानडी आणि कुणबी या समाजांच्या घरांनी पिढ्यान्‌पिढ्या ही गुरं सांभाळली. इगतपुरीला वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. त्याच नाशिक जिल्ह्यात पूर्वेला येवला-नांदगावकडे गेलं की 500-600 मिलिमीटरवर समाधान मानावं लागतं. एकाच जिल्ह्यात इतका फरक असेल, तर दोन्हीकडचं जनावर सारखं कसं असेल?

त्या ओशटपणाचं काम नीट समजून घेण्यासारखं आहे. कोरड्या केसांमध्ये हवा अडकलेली असते आणि ती अंगाची ऊब धरून ठेवते. केस भिजून चप्प बसले की ही हवा निघून जाते. वर ते पाणी वाळताना अंगातली उष्णता घेऊन जातं. मग जनावर खाल्लेल्या चाऱ्यातला मोठा वाटा नुसतं अंग गरम ठेवण्यात घालवतं. कामाला आणि दुधाला उरतं थोडं. केसांच्या मुळाशी असलेल्या तैलग्रंथींतून डांगीच्या कातडीवर तेलकट स्राव भरपूर येतो आणि पाणी आत शिरू देत नाही. जोडीला त्याचे खूर. इतर जनावरांचे खूर दिवसेंदिवस चिखलात राहिले की मऊ पडतात, बेचक्यात जखमा होतात, जनावर लंगडतं. डांगीचे काळेभोर, गारगोटीसारखे टणक खूर त्या चिखलाला दाद देत नाहीत.

आता खिल्लार बघा. सांगली, सोलापूर, साताऱ्याच्या माणदेशी माळावरचा. लांब पाय, मागे वळलेली लांब टोकदार शिंगं, गोरा रंग आणि वेग. कोरड्या, कठीण रानात आणि लांबच्या वाटेवर त्याचा हात धरणारा बैल महाराष्ट्रात नाही, शर्यतीत तर नाहीच. लातूरकडची देवणी दूधही देते आणि बैलही देते. नांदेडची लाल कंधारी, वर्ध्याची गवळाऊ, कोकणची कपिला, विदर्भातली कठाणी, प्रत्येकीची माती वेगळी आणि प्रत्येकीचा पाऊस वेगळा.

या सगळ्यांना एक खूण सारखी आहे: वशिंड. भारतीय गुरं आणि युरोपातली गुरं एकाच रानगुराच्या दोन शाखांतून आली. त्या शाखा माणसानं गुरं पाळायच्या कितीतरी आधी वेगळ्या झाल्या होत्या. आपल्याकडची वशिंडाची गुरं सुमारे 8000 वर्षांपूर्वी सिंधूच्या खोऱ्यात माणसाळली. वशिंड म्हणजे उंटासारखं चरबीचं गाठोडं, असं पुष्कळांना वाटतं. पण ते मुख्यतः स्नायूचं असतं, चरबी त्यात मिसळलेली. जू मानेवर, वशिंडाच्या पुढ्यात बसतं आणि बैल ओढायला लागला की वशिंड त्याला मागे सरकू देत नाही. आपल्या औताची सगळी घडण या उंचवट्यावर उभी आहे. म्हणूनच संकरित गोऱ्ह्याची शेतकऱ्याला अडचण होते: वशिंड बेताचं, जू नीट बसत नाही, आणि उन्हात धापही लवकर लागते.

तरी एचएफला, म्हणजे होल्स्टीन फ्रिजियन या भरपूर दुधाच्या परदेशी जातीला, नावं ठेवण्यात मला अर्थ वाटत नाही. निफाड-दिंडोरीकडे विहिरीला पाणी आहे, मक्याचा मुरघास आहे, डेअरीची गाडी गावात येते. तिथे डांगी बांधून कोणाचं घर चालेल? डांगी गाय एका वेताला सरासरी 500 लिटरच्या आसपास दूध देते, संकरित गाय त्याच्या कितीतरी पट. फक्त ते दूध कशावर निघतं तेही बघायला हवं. गाईच्या कोठीपोटात चारा कुजवणारे अब्जावधी सूक्ष्मजीव असतात आणि त्या आंबण्यातून सतत उष्णता निघते. जितकं खाणं जास्त, तितकी ही आतली भट्टी मोठी. थंड मुलखात तिचा उपयोगच होतो, पण निफाडच्या एप्रिलमध्ये बाहेर 40 अंश असताना गाय ती उष्णता टाकणार कुठे? मग ती खाणं कमी करते आणि दूध उतरतं. गोठ्यातले पंखे आणि पाण्याचे तुषार उडवणारे फॉगर चैनीसाठी नसतात. आपल्या देशी गुरांची कातडी सैल, घामाच्या ग्रंथी मोठ्या आणि खाणं बेताचं, त्यामुळे त्यांना हे ऊन सोसतं.

मला काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. घोटीच्या बाजारात एकदा मामांबरोबर उभा होतो. गिऱ्हाईकानं गोऱ्ह्याचा खालचा ओठ खाली ओढला आणि म्हणाला, "दोनदाती." गुरांना वरच्या जबड्यात पुढचे दात नसतातच, तिथे नुसती टणक हिरडी असते. खालचे आठ दुधाचे दात जोडीजोडीनं पडून पक्के येतात. पहिली जोडी साधारण दोन वर्षांनंतर, चौथी साडेचार-पाचपर्यंत. मग उपरण्याखाली बोटं दाबून भाव ठरला आणि गोऱ्हा गेला. रुंद छाती, काळे खूर, सरळ पाठ, त्या दिवशी बाजारात त्याच्यासारखा दुसरा नव्हता.

अंगानं चांगला म्हणूनच त्याचा बैल होणार, आणि बैल करायचा म्हणजे खच्ची करणार. चांगले गोऱ्हे असे एकेक करून वंशातून बाहेर पडतात आणि गायी फळवायला मागे राहतो तो बाजारात न विकला गेलेला. नाहीतर उणे 196 अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये ठेवलेली, परक्या जातीच्या वळूच्या वीर्याची कांडी. डोंगरातल्या गाईला जर्सीची कांडी भरली की पहिल्या पिढीची कालवड दूध वाढवते, तिथवर सगळं खुशीत असतं. पण तिच्या वासरांत गुण विस्कटतात. कोणात दूध येतं, कोणात खूर येतात, दोन्ही एकत्र यायची खात्री नाही, आणि ओशट कातडी तर एकदा गेली की त्या गोठ्यात सहजासहजी परत येत नाही. घाटमाथ्यावर कांडी भरून घेताना कोणत्या जातीची आहे, एवढं तरी प्रत्येकानं विचारायलाच हवं. अकोले तालुक्यातल्या राजूरला डांगी जनावरांचं प्रदर्शन भरतं, तिथे चांगला वळू कोणाकडे आहे हेही कळतं.

मामांच्या गोठ्यात सध्या एक बांडा खोंड आहे, यंदा दात लावलाय त्यानं. दोन व्यापारी येऊन गेले. मामांनी त्याला विकलाही नाही आणि खच्चीही केला नाही. वाडीतल्या नऊ गायी त्याच्यासाठी मोजून ठेवल्यात.