सोलापूरच्या चार फौजा : मिश्र तुकडीची पार्श्वभूमी

१३ सप्टेंबर १९४८ च्या पहाटे निजामाच्या हैदराबाद संस्थानावर सोलापूरहून निघालेले भारतीय सैन्य चार फौजांत वाटलेले होते : स्ट्राइक, स्मॅश, किल आणि वीर. ही नावे कायमच्या रेजिमेंटांची नव्हती. मेजर जनरल जयंतनाथ चौधरींच्या हाताखालच्या पलटणी, रणगाडे आणि तोफा कामाप्रमाणे मिसळून या फौजा तेवढ्या मोहिमेपुरत्या उभ्या केल्या होत्या. स्ट्राइकमध्ये वेगाने सरकणारे पायदळ, घोडदळाच्या चिलखती गाड्या व हलका तोफखाना होता. स्मॅशचा भर रणगाडे आणि तोफांवर. किल आणि वीरमध्ये पायदळासोबत इंजिनिअर होते, वीरकडे रणगाडाविरोधी तोफाही.

वाटणी अशी का, ते नळदुर्गला कळते. बोरी नदीवरचा पूल शाबूत हाती लागला नसता, तर मागचे रणगाडे काठावरच खोळंबले असते. म्हणून आधी ७ ब्रिगेडचे पायदळ पुलावर गेले, तो ताब्यात आल्यावर स्मॅशचे रणगाडे जळकोटपर्यंत सरकले आणि त्यांनी मोकळ्या केलेल्या वाटेने स्ट्राइक फोर्स दुपारी उमरग्यात पोचली.

तुळजापूरवर गेलेली तुकडी तर नमुनाच म्हणावी. ३ कॅव्हलरीचा (घोडदळाच्या रेजिमेंटचा) एक स्क्वाड्रन म्हणजे मोठी तुकडी, १८ कॅव्हलरीचा एक ट्रूप म्हणजे छोटी तुकडी, ९ पॅरा फील्ड रेजिमेंटच्या तोफांचा एक ट्रूप, १० फील्ड कंपनीचे इंजिनिअर आणि वेगवेगळ्या पलटणींचे पायदळ. पाच-सहा घरची माणसे, पण हुकूम एकाचा. लष्करी आदेशात इथे दोन शब्द जपून वापरतात. ‘अंडर कमांड’ दिलेली तुकडी पूर्णपणे नव्या अधिकाऱ्याची होते. ‘इन सपोर्ट’ दिलेली तुकडी त्याच्यासाठी मारा करते, पण हुकूम मूळ वरिष्ठाचाच राहतो. हे स्पष्ट लिहिले नाही, तर ऐन वेळी तोफखान्याला दोन हुकूम येतात. दुसरा घोळ रसदीचा : कंपनी उसनी दिली, पण तिचे डिझेल, दारूगोळा आणि शिधा मूळ पलटणीकडेच राहिला. तिसरा बिनतारीचा : रणगाड्यातला सेट आणि पायदळाचा सेट एका फ्रिक्वेन्सीवर नसले, तर शेजारी असूनही बोलणे होत नाही. तुळजापूर दोन तासांत पडले, लोहाऱ्याच्या वाटेवर मात्र फुगलेल्या नदीने तुकडीला थोपवले. इंजिनिअर सोबत असले तरी पावसाळी पाणी ऐकत नाही.

याच सोलापुरात १८१८ च्या मे महिन्यात उलटे चित्र होते. दुसऱ्या बाजीरावाने पायदळ आणि तोफा गणपतराव पानशांकडे किल्ल्याजवळ ठेवल्या आणि तो बहुतेक घोडदळासह निघून गेला. इंग्रज सेनानी थॉमस मनरोच्या फौजेने पेठ घेतली. मग माघार घेणाऱ्या पायदळाची पाठराखण करायला पुरेसे घोडदळ उरले नव्हते आणि इंग्रजी घोडेस्वारांनी ते वाटेतच कापून काढले.

रणगाड्यांचा स्क्वाड्रन आणि पायदळाची कंपनी जोडली की आज तिला ‘कॉम्बॅट टीम’ म्हणतात. २०२५ मध्ये लष्कराने जाहीर केलेल्या ‘रुद्र’ ब्रिगेडमध्ये पायदळ, रणगाडे, तोफखाना आणि ड्रोन कायमचे एकत्र ठेवले आहेत.